हातातली दोन वर्षं

गजराबाई पहिलीत तीनदा शिकली, आणि तिन्ही वेळेला अर्धीच. जूनमध्ये शाळेत जायला लागायची, दिवाळी झाली की आईबापामागं ढोकीच्या बाजूला ऊसतोडीला जायची, आणि उन्हाळ्यात परत आली की गुरुजी म्हणायचे, "बस परत पहिलीत." त्यामुळं पहिलीच्या पुस्तकाचा दिवाळीपर्यंतचा भाग तिला आजही तोंडपाठ आहे. पुढच्या पानांवर काय होतं ते तिला कधी कळलंच नाही. चौथ्या वर्षी तिला कुणी शाळेत पाठवलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

लग्न होऊन ती वाशी तालुक्यातल्या एका वाडीत आली. नवरा व्यंकट मेंढरं राखायचा. धाकटा दीर बालाजी दहावीपर्यंत गेलेला, गणितात अडकलेला. दिवाळीनंतर घरातली सगळी ऊसतोडीला जायची, आणि मागं व्यंकट आणि मेंढरं तेवढी उरायची. मोनिकाचा जन्म असाच ढोकीजवळच्या उसाच्या फडावर झाला, पाचटानं शाकारलेल्या कोपीत, माघाच्या थंडीत. त्या जन्माची नोंद ना तिथं झाली, ना इथं.

पोरीच्या शिक्षणाबद्दल गजराबाईनं मनाशी एक आडाखा बांधला होता. आपलं शिक्षण बुडालं ते हातात जादा वर्षं नव्हती म्हणून, असं तिच्या मनानं घेतलं होतं. पोरीला लवकर शाळेत घातली तर दोन वर्षं हातात राहतील. मध्ये कधी फडावर न्यावं लागलं, आजारपण आलं, तर त्यातून जातील, आणि तरीही पोर वेळेत पुढं सरकेल. विहिरीवरच्या मोटारीसाठी माणूस फ्यूजची तार जास्तीची आणून ठेवतो, तशी ही दोन वर्षं.

तेव्हा वाडीच्या शाळेत निवृत्तीला आलेले एक हेडमास्तर होते. जन्माचा दाखला नसलेलं लेकरू आलं की ते जुन्या रिवाजानं त्याला उजवा हात डोक्यावरून टाकून डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला तर सहा वर्षं झाली. नाही लागला तर पुढच्या जूनला या. मोनिका तेव्हा साडेचारचीही नव्हती. हातापायानं मात्र लांबोळकी होती. तरी बोटं कानाच्या वरच्या केसांपर्यंतच पोचायची. गजराबाईनं आठवडाभर अंगणात तिच्याकडून सराव करून घेतला.

"मान जरा कलती कर. न्हाय, एवढी न्हाय! गुरुजी वळखतील ना."

"आई, खांदा दुखतुया."

"दुखू दे. कान धर."

गुरुजींसमोर मोनिकानं मान अशी अलगद कलती केली की आईलासुद्धा कळलं नाही. बोटांच्या टोकांनी कानाची पाळी पकडली. गुरुजी हसले, म्हणाले, "लागला की गं!" आणि सहा वर्षं भरतील अशी एक जूनची तारीख लिहून मोकळे झाले. घरी येताना गजराबाईला इतका आनंद झाला होता की तिनं पोरीला कडेवर घेतलं, आणि शाळेत जाणाऱ्या पोरीला कडेवर घेतात का म्हणून लगेच खाली ठेवलं.

दोनांतलं एक वर्ष पुढच्याच हिवाळ्यात गेलं. मोनिकाला फडावर न्यावं लागलं आणि उन्हाळ्यात गुरुजींनी पुन्हा त्याच वर्गात बसवलं. त्या उन्हाळ्यात गजराबाईनं कोयता माळ्यावर टाकला आणि शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं. घर शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं. मानधन कधी यायचं, कधी तीन-चार महिने नाही. पण पोर रोज डोळ्यांसमोर राहायची. त्यानंतर मोनिकाचा एकही हिवाळा बुडाला नाही. यंदा ती आठवीत आली.

यंदाच घराची घडी बिघडली. बालाजीची बायको समृद्धी बाळंतीण झाली होती. मुलगा सहा महिन्यांचा. तो झाला तेव्हा ठरलं होतं की फडावर त्याला आजी सांभाळेल. पण पोळ्याच्या सुमाराला सासूची, दगडाबाईची, डावी बाजू वाऱ्यानं लुळी पडली. आता तिलाच उठवून बसवावं लागे, तोंडात घास द्यावा लागे. मग लेकराचं काय? नवरा-बायको दोघं उसात असताना लेकरू कुणाजवळ? बालाजीनं एकदोनदा मोनिकाचं नाव काढलं होतं. गजराबाईनं दरवेळी एकच उत्तर दिलं, "शाळा हाय तिची. सक्तीची हाय. सर येतील घरी." बालाजी विषय सोडून द्यायचा. सक्ती या शब्दाला तो बिचकून होता, आणि गजराबाईला ते पक्कं ठाऊक होतं.

दसऱ्यानंतर शाळेत पालकांना बोलावलं. दरवर्षी टोळ्या निघायच्या आधी अशी बैठक व्हायची. लेकरं इथंच ठेवा, शाळा बुडवू नका, हे सांगायला. आठवीचे शंभुलिंग सर उमरग्याकडचे, नुकतेच नोकरीला लागलेले, फोनवर आईशी कन्नडात बोलणारे. त्यांना वाटलं, नुसतं सांगून लोक ऐकत नाहीत, जगाचं उदाहरण द्यावं. म्हणून त्यांनी मोनिकाकडून एक मोठा तक्ता करून घेतला. कुठल्या देशात लेकरू कितव्या वर्षी शाळेत जातं आणि कितव्या वर्षापर्यंत त्याला शाळेत पाठवावंच लागतं. मोनिका आठ दिवस त्यावर खपली होती. तिनं प्रत्येक देशाचा झेंडा रंगवला होता.

ती पुढं उभी राहून वाचायला लागली. गजराबाई मोठा चमचा हातात घेऊन दारातच थांबली.

"फ्रान्समध्ये शाळा तिसऱ्या वर्षापासून सक्तीची आहे."

"तीन वर्साचं?" मागून एक बाई म्हणाली. "त्याला चड्डी तरी घालता येती का?"

सगळे हसले. मोनिकाही हसली. इंग्लंडमध्ये पाच, जपानमध्ये सहा, असं सांगत ती फिनलंडवर आली. "फिनलंडमध्ये सातव्या वर्षी पहिली सुरू होते आणि अठरापर्यंत शिकावंच लागतं."

सात ऐकून गजराबाई नीट कान देऊन ऐकायला लागली. सात! मग तोवर तिथली लेकरं काय करत असतील?

मोनिका शेवटाकडं आली. ब्राझील चार ते सतरा. श्रीलंका पाच ते सोळा. बांगलादेश सहा ते दहा.

"धाच?" कुणीतरी चुकचुकलं.

"आन् आपली?" बालाजीनं विचारलं. तो भिंतीला टेकून उभा होता. समृद्धी लेकराला मांडीवर घेऊन खाली बसली होती.

"भारत. सहा ते चौदा."

बालाजी पुढं आला. तक्त्याजवळ जाऊन त्यानं ती ओळ स्वतः वाचली. "सर, येक इचारू का? सक्ती म्हंजे जबरदस्तीच ना?"

"तसं नाही," शंभुलिंग सर म्हणाले. "पालकांनी पाठवलंच पाहिजे आणि सरकारनं फुकट शिकवलंच पाहिजे, असा अर्थ."

"चौदापत्तोर."

"चौदापर्यंत."

"मग आमच्या मोनिकाला जूनमदी चौदा पूर्ण झाली. तुमच्याच शाळंत लिवलंय. म्हंजे आमच्यावरची सक्ती उठली की!"

"कर्फ्यू उठल्यावानी," कुणीतरी जोड दिली आणि पुन्हा हशा झाला.

"चौदा झालं म्हणजे शाळा सोडा, असं कायदा म्हणत नाही," सर घाईघाईनं बोलले.

"पर सोडू नका असंबी म्हणत न्हाय ना?"

आठवी पुरी करून घेऊ, हेडसर बोलतील, असं सर काहीतरी सांगत राहिले, पण लोकांचं लक्ष आता बालाजीकडं होतं. मोनिका हातातली छडी तक्त्यावर तशीच धरून उभी होती, भारताच्या झेंड्यावर.

आणि गजराबाई दारातून ओरडली, "चौदा कुठली? बारा सरून तेरावं लागलंय तिला!"

सगळ्या माना मागं वळल्या. बालाजीनं अगदी सौम्यपणे विचारलं, "मग वहिनी, शाळंत खोटं सांगितलं का तुमी?"

चुलीवर खिचडी लागत होती. गजराबाई आत गेली.

संध्याकाळी ओसरीवर बोलणं झालं. तेरखेड्याच्या फटाका कारखान्यांच्या बाजूनं फटाके उडवून बघत असल्याचे आवाज येत होते, आणि प्रत्येक आवाजाला समृद्धीच्या मांडीवरचं लेकरू दचकत होतं.

"ताई, मला काय मोनीचं वाईट करायचंय का?" समृद्धी म्हणाली. "मागल्या साली शेजारच्या टोळीतल्या बाईनं लेकरू फडाच्या कडंला निजवलं. टॅक्टर मागं घेतला..." तिनं लेकराला छातीशी धरलं.

ते लेकरू कसं गेलं हे गजराबाईलाही माहीत होतं. म्हणूनच तिला समृद्धीवर रागावता येईना. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

व्यंकट मेंढरं कोंडून आला, हात धुतले, सगळं ऐकून घेतलं. "तुमी काय ते ठरवा," म्हणाला. "पर लेकरू येकटं ठिवायचं न्हाय." आणि जेवायला बसला.

मोनिका चुलीपुढं भाकरी थापत होती. आई जवळ येऊन बसली तशी हळूच म्हणाली, "म्या भारत लिवायलाच नको हुता."

"असं कसं?"

"म्या सरास्नी म्हणलं हुतं, बाहेरचेच देश घेऊ. सर म्हणले, आपला देश पायजेच."

गजराबाईनं तिच्या हातातली परात ओढून घेतली. मग विचारलं, "त्या सात वर्सावाल्या देशातली लेकरं सातपत्तोर काय करत्यात गं?"

"खेळत्यात. सर म्हणले, नुसती खेळत्यात."

"आन् लवकर शाळंत गेलेली लवकर सुटत्यात का?"

"न्हाय. फ्रान्सची तिसऱ्या वर्सी जात्यात, तरीबी सोळापत्तोर."

गजराबाई पुढची भाकरी थापायला लागली. जी दोन वर्षं पोरीसाठी हातात धरून ठेवली होती, ती तिच्या हातात कधी नव्हतीच. ती पोरीच्याच वयातून काढलेली होती. एवढं तिला आता कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी खिचडीची भांडी घासून झाल्यावर ती शंभुलिंग सरांकडं गेली. "सर, तिची तारीख खोडा. खरी लिवा. म्या सांगते माघात झाली ते, साल सांगते. बालाजीबी हुता तवा तिथं, त्योबी सांगंल."

सरांनी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. सर म्हणाले, शाळेतली जन्मतारीख अशी खोडता येत नाही. जन्माची नोंद लागते. नोंद नसेल तर आधी ती करून घ्यायची, त्यासाठी अर्ज, साक्षीदार, तालुक्याचा हुकूम. मग शाळेची दुरुस्ती, ती वरून मंजूर होऊन यायची. "मी करतो सगळं," ते म्हणाले. "पण होळी उजाडेल, मावशी."

"टोळी तर दिवाळीच्या पाडव्याला निघती."

"हो."

"खोटं लिवायला येक कान पुरला, सर."

सर म्हणाले, "मी बालाजींशी पुन्हा बोलतो." आणि खरंच बोलले. दोनदा घरी आले, चहा घेतला, लेकराला खेळवलं. बालाजीनं त्यांना मान दिला, अहो-जाहो केलं, आणि शेवटी हात जोडून विचारलं, "सर, तुमीच सांगा, लेकरू कुणापाशी ठिवू?" याचं उत्तर जगातल्या कुठल्या देशाच्या ओळीत लिहिलेलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर गजराबाईनं स्वतःच तोडगा काढला. "म्या जाते," ती म्हणाली. "लेकरू म्या सांभाळते. मोनिका घरीच राहील, शाळंत जाईल."

"तुमी, ताई?" समृद्धी दचकली. "आन् आत्याबाईचं?"

"सकाळ-संध्याकाळ मोनिका बघंल. दुपारी हे मेंढरं जवळच राखतील, मधी येऊन जातील." तिनं व्यंकटकडं बघितलं. त्यानं मान हलवली. "चार-पाच महिन्याचाच सवाल हाय."

दगडाबाई बाजेवरून वाकड्या तोंडानं काहीतरी बोलली. मोनिकालाच तिचं बोलणं कळायचं. "आज्जी म्हणती, मला कशाला मधी घेता, मरू द्या मला."

"तिला म्हणावं, गप पड," गजराबाई म्हणाली, आणि सासूच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

खिचडीचं काम तिनं शेजारच्या कोंडाबाईकडं दिलं. तात्पुरतं, असं दोघी म्हणाल्या. परत मागितल्यावर मिळेलच असं दोघींपैकी कुणालाच वाटत नव्हतं. पाडव्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, शेळी आणि माणसं चढली. मोनिका शाळेचा गणवेश घालून निरोप द्यायला आली होती. शाळेला सुट्टी होती, तरी तिनं तोच घातला होता. आईला दिसावा म्हणून.

"घास मऊ करून दी तिला," गजराबाई वरून म्हणाली. "आन् शाळा चुकवू नको."

"न्हाय चुकवत."

ढोकीजवळच्या फडावर गजराबाई लहानपणी होती, तरुणपणी होती, आणि आता पुन्हा आली. कोपी उभ्या राहिल्या. पहाटे माणसं उसात शिरायची. गजराबाई लेकराला झोळीत घालून हलवायची, त्याला दूध पाजायला समृद्धीकडं न्यायची, आणि ते झोपलं की मोळ्या बांधू लागायची. हातांना सवय राहिली नव्हती. उसाच्या पात्यांनी मनगटं कापून निघाली. लेकरू मात्र सुखात होतं. बाळसं धरत होतं. समृद्धी संध्याकाळी येऊन त्याचे गाल बघायची आणि रोज म्हणायची, "ताई, तुमी हाय म्हणून." ते खरं होतं. त्यात कुणाची फसवणूक नव्हती.

संध्याकाळी समृद्धीच्या फोनवरून ती घरी फोन लावायची. सुरुवातीला मोनिका शाळेचंच सांगायची. आज सरांनी बीजगणित घेतलं. आज कोंडामावशीची खिचडी खारट झाली, पोरं तुझी आठवण काढत हुती. मग आज्जीचं जास्त यायला लागलं. आज्जीनं खाल्लं न्हाय. आज्जीला पाठीला जखम झाली, दवा लावली. मग एकदा म्हणाली, पप्पा मेंढरं घेऊन बार्शीकडं गेले, हितं चारा न्हाय, पंधरा दिवसांनी येतील.

"मग दुपारचं आज्जीपाशी कोण असतं?"

"असतं कोणतरी."

गजराबाईनं पुढं विचारलं नाही. त्यानंतरच्या फोनमध्ये शाळेचा विषय निघाला नाही. मोनिकानं काढला नाही, आणि तिनंही काढला नाही. विचारलं तर उत्तर येईल याची तिला भीती वाटायला लागली होती.

मार्गशीर्षात एकदा लेकराला ताप आला. त्याला कुठला काढा पूर्वी दिला होता ते गजराबाईला आठवेना. दगडाबाईला ठाऊक असेल म्हणून तिनं भरदुपारी घरी फोन लावला. घरचा फोन व्यंकट घरीच ठेवून गेला होता. कुणी उचलेल असं तिला वाटलं नव्हतं. दुसऱ्याच रिंगला मोनिकानं उचलला.

तिनं आज्जीला विचारून काढा सांगितला. ओवा किती, पाणी किती, सगळं नीट समजावून सांगितलं, एखाद्या मोठ्या बाईसारखं. तिच्या आवाजामागं पोरांचा एका सुरातला कल्ला ऐकू येत होता. पाढे चालले होते. भिंतीपलीकडून, अगदी जवळून.

"शाळा लवकर सुटली का गं आज?" गजराबाईनं विचारलं.

"न्हाय. शाळा भरलीय."

पाढे पुढं सरकत होते. गजराबाईनं कोपीचा बांबू धरला.

"सर आले हुते का घरी?"

"आले हुते. दोनदा. म्हणले, आज्जीला कुणापाशी ठिवून ये. म्या म्हणलं, कुणापाशी?"

"कवापासनं जात न्हाईस?"

तिकडून दगडाबाईचा आवाज आला, ओढत, अस्पष्ट. मग मोनिका म्हणाली, "आई, आज्जी वल्ली झालीय. तिला बदलायचंय. ठिवू का?"

"ठिव."

फोन बंद झाला. झोळीतलं लेकरू तापानं कण्हत होतं. गजराबाईनं त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि चुलीवर पाणी ठेवून त्यात ओवा टाकला. तेवढ्यात समृद्धी उसातून धावत आली, अंगभर पाचटाचा भुसा, श्वास लागलेला.

"काढा कळला का, ताई?"

"कळला."

"मोनी काय म्हणती?"

गजराबाईनं फुंकणीनं जाळ केला. धूर डोळ्यांत गेला, तसं तिनं पदरानं डोळे पुसले.

"बरी हाय," ती म्हणाली. "घरीच हाय."